टोक उरतं, काडी कुजते

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या कंपाउंड प्रकारात महाराष्ट्राच्या दोन खेळाडूंनी एकाच दिवशी वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली. साताऱ्याची अदिती स्वामी तेव्हा सतरा वर्षांची होती. नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे ५० मीटरवरून, ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, ओळीनं १५ बाण.

त्या दिवसाचे फोटो बघताना नजर जाते ती धनुष्याकडे. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये दोऱ्यांचं जाळं, पुढे निघालेला लांब दांडा. एखादं यंत्रच. बाण मात्र साधी काळी काडी. त्याच्याकडे कोण बघणार? पण कुठल्याही तिरंदाजाला विचारा, तो सांगेल की साधारण धनुष्य आणि चांगले बाण चालतील, महागडं धनुष्य आणि चुकीचे बाण अजिबात चालणार नाहीत. धनुष्य पंधराही वेळा तेच असतं, बाण दर वेळी नवा असतो. पंधरा बाण एकाच जागी लागायचे तर ते पंधरा जुळ्या भावंडांसारखे हवेत, आणि त्या धनुष्याला साजेसे हवेत.

साजेसा बाण कसा निवडायचा, हा प्रश्न माणूस हजारो वर्षं सोडवत आला आहे. आमच्या प्रवरेच्या खोऱ्यातही तो सोडवला गेला. पण त्या निवडीचा इतिहास आपल्या हाती जवळजवळ उरलेला नाही. असं का झालं, हे समजायला आधी बाण उडतो कसा ते बघावं लागेल.

सरळ जाणारा बाण वाकडा होतो

बाणाचे भाग चार : पुढचं टोक, मधली काडी, मागची पिसं आणि दोरी अडकवायची खाच. आपल्याला वाटतं महत्त्वाचं टोक. लागतं तेच ना! पण धनुष्याशी जुळवून घ्यायचं काम काडी करते.

दोरी सुटते तेव्हा बाणाच्या मागच्या टोकावर एकदम जोर येतो. पुढचं टोक जड असतं, ते लगेच हलायला तयार नसतं. मागून रेटा, पुढून अडवणूक. मग मधली काडी वाकते. बोटांनी दोरी सोडली तर ती बोटांवरून जराशी बाजूला घसरते आणि काडी आडवी वाकते. साध्या धनुष्यात बाण लाकडाच्या एका बाजूला टेकलेला असतो, त्यामुळे सरळ रेषेत जायला मध्ये धनुष्यच आडवं येतं. तरीही बाण नेमावर लागतो, कारण तो वाकून, सापासारखा वळसा घेत धनुष्याला चुकवून पुढे जातो आणि हवेत हळूहळू सरळ होतो. इंग्रजीत याला 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं हाय-स्पीड कॅमेऱ्यानं हे टिपलं, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. हातांना ते फार आधीपासून माहीत होतं.

काडी गरजेपेक्षा ताठ असेल तर ती पुरेशी वाकत नाही आणि उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. काडी फार लवचिक असेल तर उजवीकडे जातो. नेम बरोबर, हात स्थिर, तरी बाण बाजूला. म्हणजे अमुक ताकदीच्या धनुष्याला अमुक लवचिकतेचीच काडी लागते. या ताठपणाला तिरंदाज 'स्पाइन' म्हणतात.

तो मोजायची आजची पद्धत एकदम सोपी आहे. एकमेकांपासून २८ इंचांवर दोन आधार ठेवायचे, त्यावर काडी आडवी ठेवायची, बरोबर मधोमध ८८० ग्रॅम वजन लटकवायचं आणि काडी किती खाली झुकली ते बघायचं. अर्धा इंच झुकली तर स्पाइन ५००. इंचाचे ३४० हजारांश झुकली तर ३४०. आकडा लहान तितकी काडी ताठ.

प्रवरेच्या काठी काय सापडतं

आमचं कोल्हार प्रवरेच्या काठावर. नगर-मनमाड रस्त्यानं जाणाऱ्यांना ते भगवतीमातेच्या देवळामुळे माहीत असतं. नदीनं वर संगमनेरच्या बाजूला गेलं की जोर्वे लागतं. १९५०-५१मध्ये तिथे झालेल्या उत्खननामुळे एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळालं. खाली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना झाडाच्या बुंध्याशी खणताना कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. आणखी खाली नेवासं, जिथे १९५०च्या दशकात ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं.

या गावांतून गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती मिळाली आहेत. काही बोटाच्या पेराएवढी. अशी पाती काडीत किंवा लाकडात बसवून त्यांचे विळे, सुऱ्या, बाणांची टोकं करत. दगड तीन-साडेतीन हजार वर्षं मातीत टिकला. ज्या काडीच्या टोकाला तो बसवला होता ती मात्र दोन-चार पावसाळ्यांत कुजून गेली असणार.

म्हणजे बाणाचा जो भाग सगळ्यात विचारपूर्वक निवडावा लागतो, तोच इतिहासातून गळला. म्युझियमच्या काचेआड टोकं मांडलेली असतात, भिंतीवर धनुष्य टांगलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं तिरंदाजी एवढीच.

काडीचा माग थोडाफार लागतो तो शब्दांत. संस्कृतात 'शर' म्हणजे बाण आणि 'शर' हेच एका उंच, बोरूसारख्या गवताचं नाव. टोकावरून नाव पडलं नाही, काडीवरून पडलं. मध्ययुगीन धनुर्वेद ग्रंथांत ही काडी कशी निवडावी याच्या सूचना आहेत : फार जाड नको, फार बारीक नको, पूर्ण पिकलेली हवी, तडा गेलेली नको. याच ग्रंथांत बाणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पुढे जाड असलेला तो स्त्री, मागे जाड असलेला तो पुरुष, सगळीकडे सारखा तो नपुंसक. पहिला लांब जातो, दुसरा खोल घुसतो, तिसरा नेमबाजीच्या सरावाला चांगला, असं त्यांचं म्हणणं. नावं आज कानाला खटकतात. पण त्यामागचा प्रश्न चोख आहे : बाणाचं वजन कुठे असावं, आणि कुठल्या कामाला कुठला बाण घ्यावा?

जाता जाता एक गंमत. पेशवेकालीन कागदांत 'बाण' हा शब्द दिसला तर घाई करू नका. बऱ्याचदा तिथे बाण म्हणजे दारू भरून उडवायचं अग्निबाणासारखं हत्यार. धनुष्याचा तो 'तीर'. आपण दिवाळीत बाटलीत ठेवून उडवतो तो बाण त्याच घराण्यातला.

भात्यातले साठ

या खोऱ्यात आणि उत्तरेला खानदेशात, सातपुड्यात धनुष्याशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते भिल्ल. 'भिल्ल' हा शब्दच द्रविड भाषांतल्या 'बिल्लु', 'विल्लु' म्हणजे धनुष्य या शब्दावरून आला, असं एक प्रसिद्ध मत आहे. त्यांच्या तीरकामठ्याचं बऱ्यापैकी बारकाईचं वर्णन रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात मिळतं. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. भाता बांबूच्या विणलेल्या चटईचा, त्यात साठेक बाण, प्रत्येक सुमारे एक यार्ड लांब. काहींना सुरीसारखं चपटं, धार लावलेलं लोखंडी टोक. काहींना खिळ्यासारखं गोल. आणि पाखरं पाडायच्या बाणांना टोकच नाही, तिथे बोथट गाठ.

हे वर्णन आजच्या शिकारी बाणांच्या कॅटलॉगशेजारी ठेवून बघा. कॅटलॉगमध्ये 'ब्रॉडहेड' असतं, रुंद पात्याचं. गोळी धक्क्यानं मारते, बाण कापून आणि रक्तस्रावानं मारतो, म्हणून मोठ्या जनावराला धारेचं पातं लागतं. 'फील्ड पॉइंट' असतो, गोल आणि टोकदार. 'ब्लंट' असतो, लहान शिकारीसाठी बोथट. पात्याच्या टोकाची दुसरी जात आता निघाली आहे, ती हवेत मिटलेली राहते आणि लागताक्षणी उघडते. ती सोडली तर कॅटलॉगमधली बाकीची विभागणी या बांबूच्या भात्यात आधीपासून होती.

रुंद पातं मोठी जखम करतं, पण आत शिरायला जास्त जोर मागतं. अरुंद टोक कमी जोरात खोल जातं, पण जखम लहान. धनुष्याची ताकद तेवढीच असेल तर यातलं काय घ्यायचं हे जनावर बघून ठरवावं लागतं. चुकलं तर जनावर घायाळ होऊन पळतं आणि कुठेतरी झाडीत मरतं. त्याचा हाल होतो आणि माणसाच्या घरी चूल पेटत नाही. निवडीची किंमत अशी दोन्हीकडे मोजली जायची.

पण त्या ग्रंथातल्या वर्णनातही आपल्याला टोकं कळतात, लांबी कळते. कुठल्या महिन्यात कापलेला बांबू, किती वाळवलेला, वाकवून बघताना तो माणूस नेमकं काय बघत होता, हे कळत नाही. काडीची गोष्ट इथेही अर्धीच राहिली.

१८७८

इंग्रज सरकारला भिल्लांमध्ये रस होता तो बंदोबस्तापुरता. १८२५मध्ये जेम्स आउट्रमनं खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि तिरंदाजांच्या हाती बंदुका दिल्या. आमच्या भागातले भागोजी नाईक आधी नगरच्या पोलिसांत होते. १८५७च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं भागोजी हाती लागले नाहीत. नोव्हेंबर १८५९मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरला ते लढताना पडले. सरकारी नोंदींत तारखा आहेत, अधिकाऱ्यांची नावं आहेत. या माणसांना काय काय येत होतं, याची चौकशी त्यात नाही.

मग १८७८ उजाडलं. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलांत शिरण्यावर, लाकूड-बांबू तोडण्यावर, शिकारीवर सरकारी ताबा आणला. आणि हत्यार कायद्यात 'हत्यार' या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात तोफा, बंदुका, तलवारींबरोबर धनुष्यबाणही नाव घेऊन बसवला. काडीचा बांबू एका कायद्यात अडकला आणि तयार बाण दुसऱ्या कायद्यात.

बाण निवडण्याची विद्या पुस्तकात नव्हती. बापानं वाकवून बघितलेली काडी मुलानं वाकवून बघायची, अशी ती चालायची. जंगलात जाणं कमी झालं की हाताचा तो सराव कमी झाला. पुढे १९२६मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, कालवे आले, ऊस आला, १९५०मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. खोऱ्याचं भलं झालं यात शंका नाही. पण ज्या रानात बाण लागायचा ते रानच मागे हटलं.

कॅलिफोर्नियातली एक भेट

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच सुमारास वेगळं काही घडलं. १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींतून वाचलेला शेवटचा. जग त्याला 'इशी' म्हणतं. याही भाषेत इशी म्हणजे 'माणूस', त्याचं खरं नाव त्यानं कधीच सांगितलं नाही. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये ठेवलं गेलं. शेजारच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडे जाऊ लागले, आणि त्याच्या हाताखाली धनुष्यबाण करायला शिकले. काडी कशी निवडायची, कशी सरळ करायची, पिसं कशी बांधायची, हे पोप यांनी बघून बघून लिहून घेतलं. इशी १९१६मध्ये क्षयानं गेला. पोप यांचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं पुस्तक १९२३मध्ये आलं आणि अमेरिकेत हा छंद पसरला.

यात न्याय झाला असं म्हणवत नाही. ज्याचे लोक मारले, त्याचीच विद्या छंद म्हणून उचलली. पण निदान कोणीतरी त्याच्याजवळ बसलं, आणि काडीबद्दल विचारलं.

पुढची पायरी कारखान्याची. लाकडाची प्रत्येक काडी वेगळी निघते. डझनभर सारख्या काड्या हव्या तर ढीगभर काड्या मोजून त्यातून वेचाव्या लागतात. अ‍ॅल्युमिनियमची नळी आली आणि हे बदललं. डग ईस्टन यांनी केलेल्या अशा बाणांनी १९४१मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली गेली. शंभरावी काडी पहिलीसारखीच निघू लागली, म्हणून स्पाइनचे तक्ते छापणं शक्य झालं. त्यानंतर कार्बन आला.

१९६६मध्ये मिसूरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं लावून पेटंटचा अर्ज केला. १९६९मध्ये पेटंट मिळालं. हेच कंपाउंड धनुष्य. त्याची करामत अशी : ओढताना मध्ये पूर्ण जोर लागतो, पण शेवटी चाक फिरलं की हातावरचा भार उतरतो. ६० पौंडांचं धनुष्य, त्यात ८० टक्के सूट असेल तर पूर्ण ओढल्यावर हाताला फक्त १२ पौंड जाणवतात. निवांत नेम धरता येतो.

मग तक्त्यात काय असतं

इथेच नवखे फसतात. हाताला १२ पौंड वाटले तरी सुटताना बाणाला रेटा ६० पौंडांच्या धनुष्याचाच मिळतो. काडी त्या हिशेबानं निवडायची. मी कोड लिहून पोट भरतो, माझ्या भाषेत सांगायचं तर तक्ता म्हणजे लुकअप टेबल. तीन गोष्टी आत घाला, एक आकडा बाहेर येतो.

पहिली गोष्ट, धनुष्याची कमाल ताकद. जास्त ताकद, जास्त ताठ काडी. दुसरी, काडीची लांबी. लांब काडी जास्त वाकते, आणि हे सरळ प्रमाणात चालत नाही, घनाच्या प्रमाणात चालतं. तेच वजन मधोमध टांगलं तर २८ इंचांच्या तुलनेत ३० इंचांवर काडी सुमारे २३ टक्के जास्त झुकते. तिसरी, टोकाचं वजन. टोक जड केलं की काडी सुटताना जास्त वाकते. ६० पौंड, २८ इंच आणि १०० ग्रेनचं टोक असेल तर उत्तर साधारण ४००च्या आसपास येतं. कंपाउंडची दोरी बहुतेक जण बोटांऐवजी खटक्यानं सोडतात, म्हणून काडी आडवी कमी वाकते. पण रेटा असतोच, म्हणून स्पाइन चुकवून चालत नाही.

त्यानंतर वजन. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. धनुष्याच्या दर पौंडामागे बाण निदान ५ ग्रेनचा हवा, असा सर्वसाधारण नियम. ६० पौंडांना ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आत नको. बाण फार हलका असला तर धनुष्याची ऊर्जा तो घेऊन जाऊ शकत नाही, ती धनुष्यातच उरते आणि दोरी, चाकं, पाती तोडते. शिकारीला लोक ४०० ग्रेनच्या पुढेच जातात. जड बाणाचा वेग कमी असतो, पण तो धनुष्याची ऊर्जा जास्त घेतो आणि खोल जातो.

शेवटी तोल. २८ इंचांच्या बाणाचा तोलबिंदू मध्यापासून साडेतीन इंच पुढे असेल तर तो साडेबारा टक्के पुढे झुकलेला. शिकारी बाणात १० ते १५ टक्के चांगले मानतात. धनुर्वेदानं पुढे जाड, मागे जाड म्हणून जो प्रश्न विचारला, तो इथे टक्केवारीत आला.

आपल्याकडे या तक्त्यातला शिकारीचा रकाना वाचण्यापुरताच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. उरला तो खेळ. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतो आहे, त्यामुळे हा खेळ आपल्याकडे वाढेलच.

धनुर्धर शोधला, काडी नाही

१९८०च्या दशकात आपल्या क्रीडा प्राधिकरणानं आदिवासी भागांत जाऊन तिरंदाज शोधले. त्यातूनच उदयपूरकडचे लिंबा राम पुढे आले. बांबूच्या धनुष्यावर वाढलेल्या या माणसानं १९९२मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत विश्वविक्रमाची बरोबरी केली. शोध चांगला होता. पण तो डोळ्याचा आणि हाताचा होता. खेळाडू शहरात आणला, हातात कारखान्याचं धनुष्य आणि कारखान्याचे बाण दिले. त्याच्या गावात बाण करणारा म्हातारा काडी कशावरून निवडतो, हे विचारायचं राहून गेलं.

अजूनही फार उशीर झालेला नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात होळीच्या मेळ्यांत तीरकामठे आजही दिसतात, म्हणजे ते करणारे हातही असणार. तिथे कोणी गेलं तर सोबत फार काही न्यायला नको. दोन आधार, ८८० ग्रॅमचं वजन आणि एक पट्टी पुरे. एका भात्यातल्या काड्या मोजायच्या. करणाऱ्यानं 'चांगल्या' म्हणून बाजूला काढलेल्या आणि 'नको' म्हणून टाकलेल्या, दोन्ही. चांगल्या काड्यांचे आकडे एकमेकांजवळ आले, तर हातानं वाकवून बघणं हेही मोजमापच होतं, हे कागदावर येईल. मग त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारायचं की टाकलेल्या काडीत त्याला काय खटकलं. आणि तो सांगेल ते, त्याच्या नावासकट, लिहून ठेवायचं.